बायकांची रांग, पुरुषांची रांग

मी ज्याच्या प्रेमात पडले, तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा साडीत होता.

भोकरदनच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्याचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण इतक्या पिढ्यांपासून इकडचं, की घरात मारवाडी आणि गादीवर आमच्याहून अस्सल मराठवाडी. चुलत बहिणीच्या लग्नासाठी आई आणि मी साड्या घ्यायला गेल्तो. आईला कुठलीच साडी घडीत पसंत पडत नाही. गादीवर साड्यांचा ढीग झाला, तरी तिचं एकच चाललेलं, "नेसल्यावर कशी दिसंल ते कळून न्हाई राह्यलं."

तसा तो उठला. शर्ट-पँटवरच त्यानं मोरपंखी साडी कमरेला गुंडाळली, निऱ्या खोचल्या, पदर खांद्यावरून सोडला आणि गिरकी घेतली. "पाहा काकू. पाठीमागून पण पाहून घ्या." चांगली राखलेली दाढी, मनगटावर मोठं घड्याळ, आणि पदर सावरायची तऱ्हा माझ्याहून चांगली.

आई म्हणाली, "रंग काळपट वाटून राह्यला."

"काकू, तो माझा रंग हाय. साडीचा न्हाई."

मी हसले. त्यानं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. तेवढंच झालं, पण पुरेसं होतं.

त्यानंतर मी त्या दुकानात एकदा फॉल आणायला गेले, एकदा मॅचिंग परकर आणायला, एकदा परकराचा रंग चुकला म्हणून, आणि मग उगाच. मी तेव्हा गावातल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. शेवटी त्यानंच गंभीर चेहरा करून विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी नेमक्या किती साड्या हायेत? कारण फॉल लई झालेत." आणि माझा नंबर घेतला.

फोनवर बोलणं सोपं होतं. भेटणं अवघड. भोकरदनमध्ये दोघांनी एका टेबलावर बसून लस्सी मागवली, तर लस्सी यायच्या आधी बातमी घरी पोचते. त्यातून आम्ही शेतकरी घरातले, ते व्यापारी. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, त्यांचं दुकान माहीत, त्यांना आमचं घर माहीत. जालन्याला जावं तर तिथं त्याचे नातेवाईक पावलापावलावर.

तोडगा त्यानंच काढला. त्यांच्या घरून दर संकष्टीला राजूरच्या गणपतीला हार जायचा आणि हार घेऊन जायचं काम त्याच्याकडे होतं. "तू पण ये," तो म्हणाला. "देवाला जायला कोण न्हाई म्हणतं का?"

राजूरला चतुर्थीला ही गर्दी. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये लोखंडी कठडा. दोन्ही रांगा शेजारीशेजारी हळूहळू सरकत राहतात. म्हणजे कठड्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो, असे आम्ही सगळ्या जगासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहू शकत होतो, तेही हातात दूर्वा घेऊन. कोणाची हिंमत आहे बोट दाखवायची?

फक्त रांगा एका वेगानं चालत नसत. बायकांची रांग रेंगाळायची, कारण बायका लेकरं सावरतात, पिशव्या सांभाळतात, मध्येच ओळखीच्या निघतात. तो पुढे गेला, की थांबून मागच्याला म्हणायचा, "काका, तुम्ही व्हा पुढं." कधी उलट झालं, की मी म्हणायची, "मावशी, तुमचे पाय दुखत असतील, जा तुम्ही." लोक आम्हाला आशीर्वाद द्यायचे. इतकी मर्यादशील पोरं आता कुठं राहिली, असं एका म्हाताऱ्यानं माझ्यासमोर म्हटलेलं मी ऐकलंय.

आम्ही काय बोलायचो? काहीही. शाळेतल्या पोरांनी मला काय विचारलं, त्याच्या दुकानात कोणत्या बाईनं ढीगभर साड्या उलगडून रुमाल घेतला. तो बोलताना समोर कळसाकडे बघायचा आणि मी चपलांकडे, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला दोघंही स्तोत्र पुटपुटतायत असं वाटावं. गाभारा जवळ आला, की आमचा आवाज आपोआप हळू व्हायचा. आणि देवासमोरून आम्ही इतक्या घाईत सरकायचो, की इतक्या फेऱ्यांत मी देवाला एकदाही काही मागितलं नाही. माझं मागणं कठड्यापलीकडेच उभं असायचं.

घरी मात्र याचे भलतेच परिणाम झाले. दर चतुर्थीला राजूरला जाणारी मुलगी उपास करत नाही, हे आईला पटण्यासारखं नव्हतं. म्हणून मला उपास करावा लागला. चंद्र दिसेपर्यंत. पावसाळ्यात ढग आले, की मी गच्चीवर उभी राहून चंद्राला मनातल्या मनात जे बोलायची ते कुठल्याही व्रताच्या पुस्तकात नसेल. आईचा ऊर भरून यायचा. "पोरगी बघा, चंद्राशी बोलून राह्यली," ती शेजारणीला सांगायची.

गल्लीत माझं नाव झालं. कोणी नारळ द्यायचं, "आमच्याकडून पण वाहा." वर्गातल्या एका पोराची आई पाढे पाठ होत नाहीत म्हणून अंगारा मागायला आली. मुख्याध्यापिका बाई स्वतःहून म्हणायच्या, "आज चतुर्थी ना? जा तुम्ही लवकर." मला लाज वाटायला हवी होती. मला गंमत वाटायची.

रांगेत माझ्या ओळखीची एकच बाई होती. राजूरलाच बांगड्यांचं दुकान लावणारी, दणकट अंगाची, खणखणीत आवाजाची मावशी. तिच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. शेती आहे, ट्रॅक्टर आहे, पण मुली शेती करणारा मुलगा नको म्हणतात. म्हणून ती चतुर्थी चुकवत नव्हती. ती माझ्या पुढे उभी राहायची आणि मागे न वळता सगळं ऐकायची. हे मला उशिरा कळलं. एकदा तो मला म्हणाला, "आज तू छान दिसून राह्यली," तर मावशी पुढूनच म्हणाली, "दिसणारच. नवा ड्रेस हाय." तेव्हापासून आमच्यात आडपडदा राहिला नाही.

मग एकदा अंगारकी आली. मंगळवारची चतुर्थी म्हणजे राजूरला पाय ठेवायला जागा नसते. मी एसटीनं गेले, तो मोटरसायकलवर आला. रांग कठड्यांच्या आत शिरेपर्यंत त्यानं वाट पाहिली.

"एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"सांग की."

"माझी सगाई झाली."

मला वाटलं, ढोलाच्या आवाजात चुकीचं ऐकू आलं. "काय झालं?"

"सगाई. रविवारी. जालन्याला."

"कोणाची?"

"माझी."

मी कठडा धरला. ऊन चांगलंच होतं, लोखंड तापलेलं होतं, पण हात काढायचं सुचलं नाही. "आणि हे तू मला आज सांगून राह्यला? हितं?"

"म्हणलं, देवाच्या दारात तू आरडाओरडा करणार न्हाई."

हिशेब बिलकुल बरोबर होता. मी ओरडले नाही. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. अंगारकीच्या रांगेत एकदा शिरलं, की बाहेर पडता येत नाही. मागे गर्दी, पुढे गर्दी, दोन्ही अंगांना कठडे. आमचं नातं संपलं होतं आणि गाभारा अजून लांब होता.

आम्ही शेजारीशेजारी उभे राहिलो. एक पाऊल तो सरकला, एक पाऊल मी. पुन्हा थांबलो. तो कळसाकडे बघत होता, मी चपलांकडे. सवयीनं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हातात दूर्वा, नारळ, हार असल्यामुळे पुसता येईना.

मावशी पहिल्यांदाच मागे वळली. "काय झालं गं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई कसं? नाक गळून राह्यलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. "दुसरीकडं जमवलं ना यानं?" तिनं विचारलं. खणखणीत आवाजात.

माझ्या मागच्या बाईनं विचारलं, "काय म्हणल्या?" तिला मावशीनं सांगितलं. तिनं तिच्या मागचीला सांगितलं. बायकांची रांग चालायला हळू असेल, पण बाकी कशातच हळू नसते.

कठड्यापलीकडे त्याचे कान लाल झाले. त्यानं नेहमीची युक्ती केली. मागच्याला म्हणाला, "काका, तुम्ही व्हा पुढं." काका पुढे आले, तो एक माणूस मागे गेला. तिथं त्याच्या शेजारी आली माझ्या मागची बाई. ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "का रे बाबा, या पोरीत काय कमी होतं?" त्यानं आणखी दोघांना पुढे सोडलं. तिथल्या बाईनं विचारलं, "ती दुसरी पोरगी लई शिकलेली हाय का?" तो मागे मागे जात राहिला आणि बातमी त्याच्या आधी मागे पोचत राहिली. तो जिथं थांबेल तिथली बाई सगळं जाणून असायची. लांबवर एक म्हातारी त्याला हातवारे करून काहीतरी समजावून सांगताना दिसली. ती काय म्हणाली ते मला आजही कळलेलं नाही, पण तो दोन्ही हात जोडून उभा होता.

मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. असं एकदम दोन्ही होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

गाभाऱ्यात पोचले. पुजाऱ्यांनी हार घेतला, "चला, चला, पुढं चला" सुरू झालं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, आज काहीतरी मागावं. डोकं सुन्न होतं. त्याला अद्दल घडव म्हणावं की त्याला परत आण म्हणावं, यात माझा वेळ गेला, मागून धक्का आला आणि तोंडातून निघालं, "देवा, मावशीच्या पोराला बायको मिळू दे."

बाहेर आल्यावर मावशीनं मला हाताला धरून प्रसादाच्या दुकानांच्या मागे सावलीत बसवलं. साबुदाण्याचा वडा आणला. मी नको नको म्हणत होते. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, आता तू मोकळी झालीस म्हणून विचारते. माझा पोरगा हाय. साडीचं दुकान न्हाई, पण ट्रॅक्टर सोताचा हाय."

"मावशी, आता न्हाई हो."

"बरं. न्हाई तर न्हाई." तिला जराही वाईट वाटलं नाही. "वडा तर खा. मोडलेल्या माणसानं उपाशी राहू नये."

तो नंतर बाहेर आला तेव्हा मी एसटीत चढले होते. खिडकीतून दिसला. चपलांच्या ढिगात स्वतःची चप्पल शोधत होता. आमच्यात पुढे बोलणं झालं नाही. एकदाच त्याचा मेसेज आला, "माफ कर, पप्पांच्या पुढं चाललं न्हाई." मी उत्तर दिलं नाही. तो वाईट नव्हता. माझ्यावर त्याचा जीव होता, याबद्दल मला शंका नाही. पण तो जीव कठडा ओलांडण्याइतका नव्हता.

पुढचे दिवस वाईट गेले. ते हसत सांगता येत नाहीत. जेवण जाईना. फळ्यावर अक्षरं काढता काढता हात थांबायचा. पहिलीतली एक मुलगी बाकावरून उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "बाई, तुमचा आज पण उपास हाय का?" मी हो म्हटलं. तिनं डब्यातली अर्धी पोळी माझ्या टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

आईला मात्र वेगळंच वाटत होतं. अंगारकीपासून पोरीनं अन्न कमी केलं, डोळे सदा पाणावलेले, कोणाशी बोलत नाही, म्हणजे भक्ती पुढच्या पायरीला गेली. घाबरून तिनं आबांना सांगितलं, "ही संन्यास घेईल एखाद्या दिवशी. जल्दी स्थळं बघा. आणि देवाधर्माचंच घर बघा, न्हाईतर हिचं जमायचं न्हाई."

असं स्थळ अंकुशनगरला निघालं. मुलगा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. मध्यस्थानं सांगितलं, फार देवभोळा आहे. तो आला तेव्हा कारखान्याचा हंगाम चालू होता. अर्ध्या दिवसाच्या रजेवर तसाच आला होता, त्यामुळे त्याच्या शर्टाला मळीचा वास होता. पोहे झाले, प्रश्न झाले आणि मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं.

गच्चीवर आईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. आम्ही दोघं चादरीच्या दोन कडांना उभे राहिलो. त्यानं एक ओली कुरडई उचलली, तोंडात टाकली, मग आपण काय केलं ते लक्षात येऊन घाबरला.

"तुमचे उपास लई कडक असतात म्हणं," तो म्हणाला.

"कोण म्हणलं?"

"सगळेच. मला भीती वाटून राह्यली. मला भूक सहन होत न्हाई."

"पण तुम्ही तर देवभोळे ना?"

त्यानं जिन्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. "ते मामानं सांगितलं. मी देवळात जातच न्हाई. म्हणजे देवावर राग न्हाई, पण मला रांगेत चक्कर येते. लहानपणी एकदा पडलो होतो." मग म्हणाला, "अजून एक. आमच्याच कॉलनीतल्या एका मुलीवर माझं प्रेम होतं. तिचं लग्न झालं. तिला साखरेच्या गावात राहायचंच न्हवतं. तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं."

इतकं सरळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मग मीही सांगितलं. साडी, कठडा, अंगारकी, बायका, सगळं. तो अजिबात हसला नाही. कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "पण दोन्ही रांगा एका वेगानं कशा चालायच्या? बायकांची तर हळू चालते."

"मी लोकांना पुढं सोडायचे. तो पण सोडायचा."

"आणि लोक काय म्हणायचे?"

"आशीर्वाद द्यायचे."

आता मात्र तो हसला. कठड्याला टेकून, पोट धरून. त्याचं बघून मी हसले. कित्येक आठवड्यांनी. आई धावत वर आली. पोरगी हसतेय हे बघून ती जिन्यातच थबकली, आणि परत खाली गेली. आम्हाला ऐकू आलं, "जमलं हो."

जमलं तसं लगेच नाही. मी दोन वेळा नाही म्हणायच्या बेतात होते. रडू अजून संपलं नव्हतं, आणि नवं माणूस म्हणजे जुन्यावरची पट्टी नव्हे, हे मी त्याला फोनवर सांगितलंही. तो म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत मला पण रजा न्हाई. तोवर तुम्ही रडून घ्या." मी रडून घेतलं. मधूनमधून तो फोन करून विचारायचा, "आज कसं हाय?" जणू रसाचा नमुना तपासतोय. एके दिवशी मी म्हटलं, "आज रडले न्हाई," तर म्हणाला, "बराबर. उद्या परत बघू."

हंगाम संपत आला तेव्हा सुपारी फुटली आणि आई, आबा आणि मी घर बघायला अंकुशनगरला गेलो. नेमकी चतुर्थी होती. त्यानं आम्हाला कारखान्याच्या आवारात नेलं, मोळीतला एक ऊस काढला, बुडखा तोडून साल काढली आणि कांडकं माझ्यापुढे धरलं. "बुडाकडं गोडी जास्त असते," तो म्हणाला.

"अहो, तिचा आज उपास असतो," आई म्हणाली.

"ऊस उपासाला चालतो, काकू," तो गंभीरपणे म्हणाला. "आम्ही तपासून दिलेला हाय."

आईनं विश्वास ठेवला. तिनंही एक कांडकं घेतलं. आबांच्या दाढा एकाच बाजूला शिल्लक होत्या, त्यांनी त्या बाजूनं सुरुवात केली. आम्ही चौघं उसाच्या गाड्यांच्या सावलीत उभे राहून चावत होतो. रस कोपरापर्यंत ओघळला होता.

त्यानं माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, "हा उपास अजून कितीक चालवायचा?"

"लग्नापर्यंत," मी म्हटलं. "आईला एकदम धक्का नको."

त्यानं मान डोलावली आणि दुसरा ऊस सोलायला घेतला.